रेषेवरचा शब्द

सातवी 'ब'मधल्या अलीझाने हात वर केला आणि विचारलं, "मॅडम, बोलनं कोन्या डब्यात येते?" विचारलं ते अगदी साधेपणानं. चेहऱ्यावर खोडी नाही, शेजारणीकडे बघून हसणं नाही. कुंदा अढाऊ फळ्याकडे तोंड करून उभी होती. मधोमध 'मानवी शरीर', भोवती पचन, श्वसन, रक्ताभिसरण, उत्सर्जन आणि चेतासंस्था असे मोठे डबे, त्यांच्यातून लहान डब्यांकडे बाण, आणि प्रत्येक बाणावर एक शब्द. हृदय रक्त 'ढकलते', फुप्फुसे ऑक्सिजन 'देतात', मेंदू स्नायूंना 'हुकूम करतो'. सगळं जिथल्या तिथं. असा भरलेला फळा बघितला की कुंदाला जेवल्यासारखं वाटे. आणि ही पोरगी विचारते, बोलणं कुठं. "जीभ तुमी पचनात दाखवली," अलीझा पुढं म्हणाली, "हवा श्वसनात. मंग बोलनं कुठी?" कुंदाच्या हातातला खडू मोडला. उत्तर अवघड नव्हतं. चेतासंस्थेतून एक बाण, श्वसनातून एक बाण, दोन्ही जिथं मिळतात तिथं नवा डबा, झालं. चांगला प्रश्न आहे म्हणून वर्गाला टाळ्याही वाजवायला लावता आल्या असत्या. पण ती वळून म्हणाली, "फार बोलायचं असतं ना तुला? उभी राहा. हाताची घडी, तोंडावर बोट. मी सांगेपर्यंत बोट काढायचं नाही." अलीझा उभी राहिली. तिनं बोट ओठांवर ठेवलं. पोरं हसली. कुंदाला बरं वाटलं, खोटं कशाला सांगायचं.

हे डब्याबाणांचे नकाशे ती अमरावतीच्या प्रशिक्षणात शिकली होती. बाकीच्या शिक्षिका चहा कधी येतो याची वाट बघत होत्या, साड्यांचे भाव बोलत होत्या, आणि कुंदा एकटी कान देऊन ऐकत होती. शिकवणाऱ्या बाईंनी एकच नियम पुन्हा पुन्हा सांगितला. दोन डब्यांमध्ये नुसती रेष ओढायची नाही. रेषेवर शब्द हवा, आणि तो शब्द वाचला की पूर्ण वाक्य झालं पाहिजे. ज्या रेषेवर शब्द नाही ती पुसून टाका, ते नातं तुम्हाला समजलेलं नाही. कुंदाच्या डोळ्यांत तेव्हा एकाएकी पाणी आलं होतं आणि तिनं खडूची धूळ गेली म्हणून डोळे चोळले होते. कारण तिच्या घरात रेषा पुष्कळ होत्या, शब्द नव्हता. नवऱ्याला, देवीदासला, अबोल्याची सवय. सवय कसली, हत्यार होतं ते. भाजीत मीठ जास्त झालं, अबोला. भावाच्या लग्नात ती दोन दिवस जास्त राहिली, अबोला. दुकानात आलेल्या त्याच्या मित्राच्या बोलण्यावर ती हसली, तर त्या वेळचा अबोला पोळ्यापासून दिवाळीपर्यंत चालला. जगाशी गोड. अकोल्याच्या त्याच्या कृषी केंद्रात येणाऱ्या प्रत्येकाला 'या भाऊ, बसा भाऊ', बियाण्याची पिशवी स्वतः उचलून गाडीवर ठेवणार. आणि घरी आला की भिंतीकडे बघून म्हणणार, "ज्याला वाढायचं त्यानं वाढावं." ती मागेमागे फिरायची. "काहीतरी बोला ना. चुकलं माझं." काय चुकलं ते तिलाही पुष्कळदा ठाऊक नसायचं. मग तो पेपरातून मान वर करायचा आणि ओठांवर बोट ठेवायचा. शाळेत ती चाळीस पोरांना जे करायला लावायची तेच घरी तिला बघावं लागायचं. मूलबाळ झालं नाही, त्यामुळं त्या घरात तिच्याशी बोलणारं दुसरं कोणी नव्हतं.

एकदा मात्र तो महिनाभर गप्प होता आणि ती चूक शोधून थकली. त्या वर्षांत पेपरात रोज शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या आणि सरकारी पॅकेजच्या बातम्या असत, दुकानात गर्दी कमी आणि दुकानातलं बसणं जास्त झालं होतं. दर्यापूरकडचे नत्थुजी म्हणून एक गिऱ्हाईक होते, येताना देवीदाससाठी शेतातल्या तुरीच्या शेंगा आणायचे. ते गेले. त्याच्याच दुकानातून नेलेल्या फवाऱ्याच्या औषधाच्या डब्यानं गेले. हे तिला मागाहून, शाळेच्या सर्व्हेच्या ड्युटीवर फिरताना, नत्थुजींच्या सुनेकडून कळलं. म्हणजे तो अबोला तिच्यावर नव्हता. त्या महिन्यात तो रात्री उठून हात धुवायचा, पुन्हा पुन्हा धुवायचा, आणि ती अंथरुणातून ऐकत पडायची की आता तरी बोलेल. कळल्यावर तिला दया आली का? आली, थोडी. पण जास्त आला तो राग. एवढं मोठं माणसाच्या मनात असतं आणि तो बायकोला ते सांगत नाही, तिला आपली भाजीच्या मिठात चूक शोधत ठेवतो. मग एका सकाळी दुकानाचं शटर वर करताना देवीदास खाली बसला तो उजव्या अंगानं उठलाच नाही. डॉक्टर म्हणाले, यांना समजतं सगळं, शब्द निघत नाहीत. हो आणि नाही यांचाही घोटाळा होतो, मान कशालाही आडवीच हलेल, तिच्यावर विसंबू नका. डावा हात चांगला आहे, तेव्हा वस्तूंची नावं लिहून समोर धरा, बोटानं दाखवतील. तुम्ही शिक्षिका आहात, तुम्हाला जमेल. जमेल म्हणजे काय, कुंदानं त्याच संध्याकाळी कार्डशीट आणलं.

मधोमध 'मी'. 'मी'पासून तीन बाण, त्यांच्यावर 'हवंय', 'दुखतंय', 'जायचंय'. हवंय खाली पाणी, चहा, पांघरूण, टीव्ही. दुखतंय खाली डोकं, पाठ, पाय. जायचंय खाली संडास, आंघोळ, बाल्कनी, आणि उजव्या कोपऱ्यात जागा उरली म्हणून 'गाव'. चौथा बाण तिनं शेवटी काढला, जरा थांबून. 'बोलायचंय'. त्याच्या टोकाला एकच डबा, 'कुंदा'. त्या डब्याला तिनं लाल स्केचपेननं दुहेरी चौकट केली. पहिल्या दिवशी देवीदासचं बोट 'पाणी'वर गेलं आणि तिला इतका आनंद झाला की तांब्या आणताना अर्धं पाणी सांडलं. आयुष्यात पहिल्यांदा या माणसानं तिच्याकडे काही मागितलं होतं आणि तेही तिच्या अक्षरातून. पण दुसऱ्या दिवशी त्यानं 'पाणी'वर बोट ठेवलं तेव्हा तिच्या तोंडून गेलं, "पूर्ण वाक्य." आधी 'मी', मग 'हवंय', मग 'पाणी'. वर्गात ती हेच म्हणायची. सवयीनं गेलं. त्यानं तिच्याकडे बघितलं, आणि बोट उचलून 'मी'वर ठेवलं. त्या क्षणी तिला कळलं की हे करता येतं. मग ती रोज करू लागली. घसा सुकलेला असो, लघवी अनावर झालेली असो, पूर्ण वाक्य. बोट मधली पायरी चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. ती हे रागानं करत नव्हती, शिकवायच्या आवाजात करायची, शांतपणे, प्रेमळ म्हणावं इतक्या हळू. शेजारणी म्हणत, काय सेवा करते बाई.

बोट सगळीकडे जायचं, लाल डब्यावर जायचं नाही. पाणी झालं, चहा झाला, टीव्ही झाला की ती तक्ता धरून तशीच बसे. "अजून काही?" तो बघत राहायचा. मग बोट निघायचं. 'मी'. 'जायचंय'. आणि उजव्या कोपऱ्यात, 'गाव'. रोज. दर्यापूरजवळच्या त्याच्या गावात त्याची म्हातारी आई मनकर्णाबाई एकटी राहायची. अंगणात बाज, कडुलिंब, गोठा. "तिथं डॉक्टर नाही," कुंदा सांगायची. "पुढच्या महिन्यात बघू," सांगायची. बोट पुन्हा तिथंच. पुढं एकदा तक्त्यावर वरण सांडलं. तेव्हा तिनं नवं कार्डशीट घेतलं आणि ठळक, सुंदर अक्षरात सगळं पुन्हा लिहिलं. 'गाव' लिहिलं नाही. जागा पुरली नाही, असं तिनं स्वतःला सांगितलं. जागा तशीच उरली होती, तळहाताएवढी. आधी त्यानं माझ्याशी बोलावं, मग बाकीच्यांकडे जावं, इतकं साधं तिचं म्हणणं होतं. नवा तक्ता बघितला त्या दिवशी देवीदास खूप वेळ त्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघत राहिला होता आणि कुंदा कपड्यांच्या घड्या करत राहिली होती.

"मॅडम, तुमचा फोन वाजून राहिला," पहिल्या बाकावरचा उसामा म्हणाला. घरी दिवसभर देवीदासपाशी बसणाऱ्या मैनाबाईचा फोन. "बाई, आजीबाई आल्या गावाहून. जीप घिऊन आल्या. सायबाले नेतो म्हनतात. तुमी या लवकर." कुंदानं फळ्याकडे बघितलं. मेंदू हुकूम करतो. तिनं हेडमास्तरांना अर्ध्या रजेचं सांगितलं, पर्स घेतली आणि स्कूटी काढली. जुन्या शहराच्या गल्लीतून बाहेर पडून मोर्णेच्या पुलावर येईपर्यंत तिला नुसती धास्ती होती. खाली नदी काळी, पाणी कमी, वास जास्त. पुलावर टांगा अडकला होता आणि मागं हॉर्न वाजत होते. नेलं तर काय, या प्रश्नापाशी तिचं डोकं पुन्हा पुन्हा येऊन थांबत होतं. नेलं तर काय, सुटशील. सकाळी संडासचं भांडं नाही, कूस बदलणं नाही. पण तिथं त्या बाजेवर पडून हा माणूस आईकडे बघेल आणि आईला सगळं समजेल, तक्त्याशिवाय समजेल, आणि लाल डब्याला त्याचं बोट कधीच लागणार नाही. हे तिला सहन होईना. एवढी वर्षं एका शब्दासाठी तिनं नाक घासलं आणि आता जेव्हा त्याचे सगळे शब्द तिच्या हातात आले तेव्हा कोणी जीप घेऊन यावं. टांगा निघाला. तिनं गाडी पुढं काढली.

दारात जीप उभी होती, मागच्या सीटवर गादी अंथरलेली. मनकर्णाबाई लेकाच्या पायाशी बसून त्याचे तळवे चोळत होत्या. कुंदा दिसताच त्या उठल्या नाहीत, नुसतं म्हणाल्या, "ये व कुंदा. मी काही भांडाले नाई आलो. तू लय केलं त्याचं. आता मले करू दे. शाळा आन हे, तुले जमते काय दोन्ही?" कुंदा म्हणाली, "आई, गावात डॉक्टर नाही." "डॉक्टरनं काय केलं इथं?" म्हातारी म्हणाली. "मी त्यालेच इचारतो. तो हो म्हने तं नेतो. नाई म्हने तं जातो वापस, पुन्हा नाव नाई काढत." आणि लेकाकडे वळून, चेहरा दोन्ही हातांत धरून तिनं विचारलं, "देवीदास, येतं काय गा माह्यासंगं?" देवीदासची मान आडवी हलली. जोरात हलली. डोळे मोठे झाले आणि मान हलतच राहिली, इकडून तिकडे, इकडून तिकडे. मनकर्णाबाईंचे हात खाली आले. "नाई म्हनते?" त्या म्हणाल्या. इथं कुंदानं गप्प बसायचं होतं, आणि सगळं तिथंच मिटलं असतं. पण तिला गप्प बसवेना. शिक्षिकेचा अभिमान म्हणा, की म्हातारीसमोर एकदा त्याच्यावरची आपली सत्ता दाखवायची हौस म्हणा. ती म्हणाली, "त्यांची मान सगळ्यालाच आडवी हलते आई. असं विचारून कळत नाही. तक्त्यावर विचारावं लागतं." देवीदासनं तिच्याकडे बघितलं. त्या बघण्यात चक्क आभार होते. एवढ्या वर्षांत त्यानं तिच्याकडे असं कधीच बघितलं नव्हतं.

तिनं तक्ता त्याच्या मांडीवर धरला. "मले काय समजते व त्यातलं," मनकर्णाबाई म्हणाल्या, "मले अक्षर येत नाई. तूच वाच." देवीदासनं डावा हात उचलला. बोट 'मी'वर. "मी," कुंदानं वाचलं. बोट बाणावरून सरकलं, चुकलं नाही, एक पायरी गाळली नाही, चांगला शिकला होता. "जायचंय," कुंदानं वाचलं. म्हातारी पुढं वाकली. बोट 'संडास' ओलांडून, 'आंघोळ' ओलांडून, 'बाल्कनी' ओलांडून उजव्या कोपऱ्यात गेलं, आणि तिथं, जिथं काही लिहिलेलं नव्हतं तिथं, टेकलं. टेकून राहिलं. मग त्यानं ते उचलून पुन्हा टेकवलं, नखाचा आवाज झाला. "काय हाय तठी?" मनकर्णाबाईंनी विचारलं. "काही नाही," कुंदा म्हणाली. "कोरं आहे." हे खरंच होतं. "मंग काय म्हनते तो?" बोट पुन्हा आपटलं. घशातून आवाज निघाला, नुसता हवेचा. आता कुंदाला फक्त एक शब्द म्हणायचा होता. तो तिच्या जिभेवर होता, त्याची चव तिला कळत होती. कुठल्या डब्यात येतं बोलणं, असं मध्येच डोक्यात येऊन गेलं. तिनं त्याचा हात धरला, हलकेच, आणि बोट अलगद डावीकडं सरकवलं. "संडासला जायचं म्हणतात," ती म्हणाली. "घाई झाली की असं होतं त्यांचं. तुम्ही जरा बाहेर बसा आई."

तिनं काखेत हात घालून त्याला उठवलं, ओढत नेलं, बसवलं. दार लोटलं. तो तिथं बसला आणि काहीच झालं नाही, होणार नव्हतंच. नळ टपटपत होता. बाहेर म्हातारी मैनाबाईला विचारत होती, तो जेवते काय नीट, झोपते काय. देवीदास कुंदाकडे बघत होता. राग असता तर तिला चाललं असतं. तो नुसता बघत होता, दुकानात दोन बियाण्यांच्या पिशव्यांची पारख करताना बघायचा तसा, आणि मग त्यानं मान फिरवली. तिनं विनाकारण पाणी ओतलं, बादलीचा आवाज केला, आणि त्याला परत आणून पलंगावर निजवलं. मनकर्णाबाईंनी पदरानं नाक पुसलं. त्यांनी आणलेले तिळाचे लाडू त्याच्या उशाशी ठेवले, गालावरून हात फिरवला. "राहा बाप्पा इथंच," त्या म्हणाल्या. "तुले बायकोपाशीच बरं वाटते तं काहून मी वढू तुले?" देवीदासची मान आडवी हलत होती, आणि आता त्या मानेकडे बघायचं कोणाला कारण उरलं नव्हतं. दारात म्हातारीनं कुंदाच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "तुले समजते व त्याचं सारं. मले नाई समजलं." मग ती जीपमध्ये पुढं बसली. मागची गादी तशीच हलत गेली.

मैनाबाईला कुंदानं लवकर घरी पाठवलं. तिला वाटलं होतं की जीप वळणाआड गेली की छातीतलं काहीतरी सैल होईल. झालं तसं काही नाही. तिनं चहा केला. तक्ता घेऊन ती पलंगाशी बसली. "चहा?" तिनं विचारलं, आणि पूर्ण वाक्य मागितलं नाही. देवीदास छताकडे बघत होता. "पाणी?" तिनं त्याचा हात उचलून तक्त्यावर ठेवला. हात घसरून गादीवर पडला. तिनं पुन्हा ठेवला, तो पुन्हा पडला. चहावर साय धरली. बाहेर पोरं शाळेतून घरी जात होती, त्यांचा गलका ऐकून तिला आठवलं की अलीझाला बस म्हणायचं राहून गेलं. कोणीतरी बसवलं असेल. नाहीतर घंटा झाल्यावर गेलीच असेल. असेलच. तिनं लाडवाचा तुकडा मोडून त्याच्या ओठांशी नेला, ओठ उघडले नाहीत. "आईनं केलाय," ती म्हणाली. ओठ उघडले नाहीत. तिला भीती वाटायला लागली, ती जुनी भीती, पोळ्यापासून दिवाळीपर्यंतची. ती उठली, कपाटातून स्केचपेन काढलं, तक्ता जमिनीवर ठेवला आणि गुडघ्यांवर बसून उजव्या कोपऱ्यात चौकोन काढला. चौकोनात लिहिलं, 'गाव'. 'जायचंय'पासून तिथपर्यंत बाण ओढला, नीट, पट्टी लावून. शाई वाळायची वाट न बघता तिनं तक्ता उचलून त्याच्या डोळ्यांसमोर धरला. "हे बघा. लिहिलं. उद्याच फोन करते आईंना. दाखवा एकदा. नुसतं 'गाव' दाखवा, बाकीचं नको."

देवीदासनं डोळे तिच्याकडे वळवले. डावा हात हळूहळू उठला. बोट तक्त्यापाशी आलं, 'मी'वरून गेलं, लाल डब्याच्या अगदी जवळून गेलं, क्षणभर तिला वाटलं की तिथंच थांबणार. ते थांबलं नाही. ते तक्त्याच्या कडेवरून वर गेलं, आणि वाकड्या झालेल्या तोंडावर, दोन्ही ओठांच्या मधोमध, त्यानं ते नीट ठेवलं. मग त्यानं डोळे मिटले.

"असं नका करू," कुंदा म्हणाली. तक्ता तिनं बाजूला ठेवला होता की हातातून पडला होता, तिला कळलं नाही. "काहीतरी बोला ना. चुकलं माझं." या वेळी काय चुकलं ते तिला ठाऊक होतं, आणि ती ते पुन्हा पुन्हा सांगत राहिली. त्यानं बोट काढलं नाही.